लाल रेघ मारलेलं वाक्य

अप्पा, एक वाक्य खोडायचं होतं तर शेजारी त्याचं कारणही लिहायचं होतं. नुसतं "पुन्हा लिहू नये" एवढं मोडीत खरडलंत, वाक्यावर लाल शाईची रेघ ओढलीत, वही सुतळीने बांधलीत आणि मोकळे झालात. तुम्हाला जाऊन पंचवीस वर्षं झाली, आता मी कोणाला विचारू? बाकी सगळ्या वहीभर किती बोलला आहात. एकेका इंग्रजी वाक्यापुढे त्याचं पोर्तुगीज, आणि त्याच्यापुढे मोडीत बारीक अक्षरात टिपण: हे मोठ्या अंमलदाराला चालतं, हे कारकुनाला, हे रागात असताना लिहू नये, हे बाईच्या अर्जात शोभत नाही. जिथे कोणी विचारलं नव्हतं तिथे पानंच्या पानं, आणि जिथे माझ्या पोराचा जीव अडकला आहे तिथे तीन शब्द. ही तुमची सवयच होती. सांबारात मीठ कमी पडलं तर पानावरून उठेपर्यंत बोलायचात, आणि खरंच काही बिनसलं की गप्प.

तुम्ही गेलात त्याच्या दुसऱ्या वर्षी माझा मुलगा झाला. आता चोवीस वर्षांचा आहे, मुंबईला आगबोटींच्या एका कचेरीत टायपिस्ट. कचेरीनेच त्याला कामासाठी मुरगावला पाठवलं, तुमच्याच मुरगावला. आपल्याकडचा इंग्रज गेला, पण गोव्यात पोर्तुगीज अजून आहेत, आणि त्यांना घालवायला माणसं झेंडे घेऊन हद्द ओलांडतात म्हणून चवताळलेले आहेत. हा ज्या खाणावळीत उतरला होता तिथे धाड पडली, माळ्यावर छापील पत्रकं सापडली आणि आत होते तेवढे सगळे धरून नेले. याचा त्या पत्रकांशी काडीचा संबंध नाही. आई आहे म्हणून म्हणत नाही. ताटात मिरची जास्त पडली तर पाणी पिऊन गप्प बसणारा पोरगा आहे हा, सरकारशी काय भांडणार. दोन महिने झाले. त्याच्या कचेरीतल्या सोबत्याने लिहिलं आहे की लांब शिक्षा झाली तर तिकडून बोटीत घालून आफ्रिकेला पाठवतात, असं लोक बोलतात. आफ्रिका हा शब्द वाचला आणि मी चुलीपुढे बसले ती भात करपल्याचा वास आला तेव्हा उठले. तो शब्द आपल्या घरात एकदा येऊन गेलेला आहे. तुम्हाला ठाऊक आहे, मला ठाऊक आहे, आई गेल्यावर तिसऱ्या कोणाला नाही.

तेव्हापासून माझं काही खरं नाही. पोस्टमनची सायकल गल्लीत वळली की हातातलं टाकून उठते आणि दाराआड उभी राहते, पण कडी काढायला हात जात नाही. तो बिचारा बाहेरून म्हणतो, "अम्मा, आज तुमचं काही नाही," तेव्हा कुठे श्वास सुटतो. शेजारणी विचारतात पोराचं कसं चाललंय, मी सांगते बरं चाललंय, काम फार असतं. भाजीवालीशी भांडते, विड्याच्या पानवाल्याशी भांडते, पानं जून आहेत म्हणते, ती जून नसतात. भांडत असते तेवढा वेळ भीती वाटत नाही.

सोबत्याने आणखी लिहिलं आहे की घरच्यांनी अर्ज करावा, पोर्तुगीजमध्येच करावा, दुसऱ्या भाषेतला कागद तिथे कोणी हातात धरत नाही. मुंबईतल्या एका गोव्याच्या कारकुनाला त्याने गाठलं होतं. काय प्रकरण आहे ते ऐकल्यावर तो माणूस खुर्चीवरून उठलाच. त्याची म्हातारी आई तिकडे आहे, अक्षर कोणी ओळखलं तर काय, मी कागद वाचूनसुद्धा देणार नाही म्हणाला. दुसरा शोधायला आता वेळ नाही, कारण अर्ज घेऊन आत जाणारा माणूस मुंबईहून पुढच्या मंगळवारी निघतो. म्हणजे इथून शुक्रवारच्या टपालाने कागद गेलाच पाहिजे. सोबत्याने शेवटी लिहिलं होतं, तुमच्या वडिलांना ती भाषा येत होती असं हा नेहमी सांगायचा, तर घरात काही आहे का बघा. म्हणून मी अलमारीच्या वरच्या खणातली ती वही काढली. सुतळी इतकी घट्ट बांधली होतीत की विळीवर कापावी लागली.

मला तिसरीतनं काढलंत, अप्पा. मुलीला पुरे म्हणालात. मग घरी बसवून मोडी शिकवलीत, पोर्तुगीज अक्षरं गिरवून घेतलीत, कारण तुम्हाला नकला करायला माणूस हवा होता. पण ते दिवस वाईट नव्हते, हेही लिहिते. मुरगावच्या रेल्वेच्या कचेरीत तुम्ही अकरा वर्षं काढलीत, इंग्रज साहेबाची पत्रं पोर्तुगीज अंमलदारासाठी त्याच्या भाषेत उतरवत. मग तिथल्या तापाने खंगून कुंभकोणमला परत आलात, आणि बाहेरच्या तिण्णैवर, दारापुढच्या ओट्यावर बसून लोकांचे अर्ज लिहायला लागलात. ज्याचं कोणी तिकडे नोकरीला गेलं आहे, बोटीवर गेलं आहे, पार नागपट्टणापासून लोक यायचे. आई आतनं म्हणायची, "तिण्णैवर कोर्ट भरलंय, कॉफी किती जणांची करू?" मी तुमच्या मागे भिंतीला टेकून बसलेली. कामातून सवड मिळाली की सांगायचात, चावी हा शब्द तिकडून आला, खिडकीला जन्नल म्हणतो तोही तिकडून आला, आपल्या घराला भोकं पाडून दिली ती त्यांनीच, आणि स्वतःच हसायचात.

गरम पाण्याची गोष्ट तर मला पाठ आहे. तुमच्या आधी त्या कचेरीत एक तरणा कारकून होता, भाषा शिकलेला आणि डोकं न शिकलेला. साहेबाने लिहिलं, कंत्राटदारामुळे आम्ही गरम पाण्यात सापडलो आहोत. म्हणजे अडचणीत आलो आहोत, एवढंच. त्या कारकुनाने शब्दाला शब्द ठेवला. कागद रेल्वेचा, पाणी गरम, मग अंमलदार दुसरं काय समजणार? त्याला वाटलं इंजिनाचा बंब फुटला. दुसऱ्या दिवशी डॉक्टर आला, मलमपट्टीची पेटी आली, पाठोपाठ पाद्री आला. साहेब खुर्चीवर बसून चहा पीत होता. हे सांगताना तुम्ही पाद्रीचं तोंड करून दाखवायचात. आणि मग एकदम गंभीर होऊन म्हणायचात, "पोरी, साहेबाचे शब्द सोड, साहेबाचं तोंड बघ. तो रडतोय का, धमकावतोय, का नुसता चिडलाय? ते कळलं की विचार, तिकडचा माणूस असा चिडला की काय म्हणतो. तेवढं लिही." मी बारा वर्षांची. मला ना इंग्रजी येत होतं ना पोर्तुगीज, पण तोंड बघायचं हे कळलं. तेच शिकले तुमच्याकडून, आणि आयुष्यभर माणसांची तोंडंच बघत आले. म्हणून मला सगळे तिरसट म्हणतात.

आता माझ्यासमोर वाद्यार बसतात. पलीकडच्या घरातले, हायस्कुलात इंग्रजी शिकवून निवृत्त झालेले. त्यांना मोडी येत नाही, मला इंग्रजी येत नाही, पोर्तुगीज दोघांनाही नाही. असे आम्ही दोन आंधळे रोज सकाळी शाळा भरवतो. त्यांनी अर्ज इंग्रजीत लिहिला. मी म्हणाले, सार, तुमच्या मनचं इंग्रजी नको, वहीत आहे तेवढंच वापरा, डाव्या बाजूला जे वाक्य सापडेल तेच बसवा. ते आधी रागावले.

"अम्मा, मी चौतीस वर्षं इंग्रजी शिकवलं. वहीत बघून लिहू?"

"मग तुमच्या चौतीस वर्षांतलं पोर्तुगीज कुठलं?"

"तुमच्याशी बोलण्यात अर्थ नाही."

"अर्थ वहीत आहे. बसा."

बसले. भला माणूस आहे. आठ दिवसांत आम्ही अर्ज जुळवला. मुलगा कोण, कुठल्या कामाला आला होता, खाणावळीत कुठल्या दिवसापासून होता, पत्रकांची त्याला माहिती नव्हती, घरी विधवा आई आहे. सगळं तुमच्या वहीत मिळालं, कारण साहेबाचीही माणसं असल्याच भानगडींत सापडायची. रेल्वेच्या फोरमनला खोट्या आळावरून धरलं होतं, ते पान तर जसंच्या तसं उपयोगी पडलं. मी मोडीतली टिपणं वाचायची, वाद्यारांनी वाक्य निवडायचं, मी पोर्तुगीज उतरवायचं. अक्षर बघून ते म्हणाले, "तुमच्या वडिलांनीच लिहिलंय असं वाटतं." त्यांनी कौतुकाने म्हटलं. मी तो कागद वहीखाली सरकवला.

शेवटच्या वाक्यावर अडलं. वाद्यार म्हणतात, अर्ज संपवायचा तर 'तो स्वतःला आपल्या दयेच्या पदरात टाकतो आहे' असं काहीतरी हवंच. आणि ते वाक्य तुमच्या वहीत आहे. त्याच्यावरच लाल रेघ आहे. अख्ख्या वहीत एकच लाल रेघ.

"हे नको, सार. अप्पांनी खोडलंय."

"का खोडलंय?"

"ते लिहिलं नाही."

"मग मी का ऐकू? अम्मा, सगळा अर्ज म्हणतोय की माझा मुलगा निर्दोष, निर्दोष, निर्दोष. ऐकणारा चिडणार नाही का? मोठ्या माणसाला शेवटी मोठं करावं लागतं. ही ओळ नसेल तर हा अर्ज नाही, भांडण आहे. तुमच्यासारखं."

ते बरोबर बोलतात असं मला वाटतं. आणि तुम्ही खोडलंत ते बरोबर असेल असंही वाटतं. या दोन वाटण्यांच्या मध्ये माझं पोर बसलं आहे.

कशानंतर खोडलंत ते मी वाद्यारांना सांगितलं नाही. माझ्या डोळ्यासमोर आहे. चोळपुरमचा तो नारळवाला येतो. त्याचा भाऊ मुरगावला रेल्वेत आचारी होता, गोदामातल्या चोरीत त्याला धरलं होतं, आणि नारळवाला पायातल्या वहाणा चार हात लांब काढून तिण्णैखाली उभा आहे. तुम्ही त्याला वर बसवता. दोन दिवस तुम्ही तो अर्ज लिहिता, त्यात ही दयेची ओळ शेवटी घालता, आणि मी नक्कल करते. मग पावसाळा जातो, आणि तो परत येतो. हातात उत्तराचा कागद. या वेळी बोलावूनही वर बसत नाही. तुम्ही वाचता, मग पुन्हा वाचता. तो विचारतो, "स्वामी, काय लिहिलंय?" तुम्ही म्हणता, "आफ्रिकेला पाठवला." तो विचारतो, "कधी येईल?" तुम्ही कागदाची घडी करून त्याला परत देता. तो घडी कनवटीला लावतो आणि म्हणतो, "तुम्ही चांगलं लिहिलं होतंत ना, स्वामी?" शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. तो गेल्यावर तुम्ही आत आलात आणि आईला म्हणालात, "दया मागितली म्हणजे कबूल केलं, असं झालं." मसुद्याचे कागद न्हाणीघराच्या चुलीत घातलेत, वहीत रेघ मारलीत, आणि त्यानंतर तिण्णैवर कोर्ट भरलं नाही. पितळेच्या भांड्यांच्या दुकानात चिठ्ठ्या लिहायला जायला लागलात. अकरा वर्षं, मरेपर्यंत.

आता मी सांगते ते ऐका. तेव्हाच सांगायला हवं होतं.

आपली ताळा घेण्याची पद्धत आठवते? कोणतीही नक्कल ताळा घेतल्याशिवाय घराबाहेर जायची नाही. तुम्ही नक्कल मोठ्याने वाचायची, मी मसुदा मांडीवर घेऊन ओळीखाली बोट फिरवायचं. मला अर्थ कळत नव्हता, पण अक्षरांचे आवाज तुम्ही शिकवले होतेत, तेवढे मिळवता यायचे. तुम्ही म्हणायचात, वाचणाऱ्याचं लक्ष आवाजात असतं, चूक सापडते ती बोटाला. नारळवाल्याच्या अर्जाच्या आधीच्या आठवड्यात माझ्या हातून मुद्रांकाच्या कागदावर शाईचा डाग पडला होता, आणि तुम्ही लोकांसमोर म्हणाला होतात, "हिला शिकवण्यापेक्षा टाकाला शिकवलं असतं." तो टाक तुम्हीच मला दिला होतात, मुरगावचा, लाकडी दांडीचा. मी तो दोन दिवस हातात धरला नव्हता.

नारळवाल्याच्या अर्जाचा ताळा घेतला त्या दिवशी तुम्हाला थंडी भरून आली होती. दुपारी कांबळं पांघरून तुम्ही वाचत होतात, आवाज थरथरत होता. मध्येच माझ्या बोटाखालच्या ओळीचा आवाज आला नाही, पुढच्या ओळीचा आला. लागोपाठच्या दोन ओळी सारख्याच अक्षरांनी सुरू होत होत्या आणि नक्कल करताना माझी नजर एकीवरून दुसरीवर घसरली होती. एक अख्खी ओळ मी गाळली होती. मला ते त्याच क्षणी कळलं. तुम्ही थांबून विचारलंत, "बरोबर?" आणि मी बोट एक ओळ खाली सरकवलं. "बरोबर," म्हणाले. पुन्हा सगळा मुद्रांक वाया गेला असता, पुन्हा लोकांसमोर टाकाचं नाव निघालं असतं. बारा वर्षांची होते म्हणून काय झालं, कळत होतं मला.

तुम्ही स्वतःच्या वाक्याला दोष दिलात. अकरा वर्षं देत राहिलात आणि मी तुमच्या पानात वाढत राहिले. कधी तोंड उघडलं नाही. शेवटच्या आजारात तुम्ही पाणी मागितलंत तेव्हा खोलीत आपण दोघंच होतो, तेव्हाही नाही.

परवा आम्ही आमच्या अर्जाचा ताळा घेतला. वाचायला मी, बोट वाद्यारांचं. मी कागदाकडे कमी आणि त्यांच्या बोटाकडे जास्त बघत होते. ते कंटाळून म्हणाले, "अम्मा, माझा विश्वास नाही का?" मी म्हणाले, नाही. तीन वेळा वाचून घेतलं. ओळ सुटलेली नाही. पण ओळ सुटली नाही म्हणून काय झालं? लिहिलं आहे ते कसं ऐकलं जाईल हे आम्हा दोघांनाही माहीत नाही. डॉक्टर, पेटी आणि पाद्री असं काही होणार असलं तर होवो, हसता तरी येईल. आफ्रिकेची आगबोट आली तर?

म्हणून विचारते. त्या गाळलेल्या ओळीत काय होतं? तो आचारी त्या दिवशी गोदामापाशी नव्हताच, असं होतं का? तसं असेल तर तुमचं वाक्य निर्दोष आहे. मग त्या ओळीशिवाय नुसती दया उरली आणि कबुली झाली ती माझ्या बोटाने. असं असेल तर लाल रेघ चुकीची आहे, वाद्यार म्हणतात ते खरं, आणि आमच्या अर्जात निर्दोषपणा पहिल्यापासून लिहिलेला असल्याने शेवटी दया मागायला हरकत नाही. पण त्या ओळीत दुसरंच काही असेल, त्याची बायकोमुलं, त्याच्या नोकरीची वर्षं, असलं काही, तर तुमची रेघ खरी. मग हे वाक्य लिहिलं तर मीच माझ्या पोराला बोटीत बसवीन. मसुदा तुम्ही जाळलात. तो नारळवाला कधीच मेला असेल. ती ओळ आता तुमच्याशिवाय कोणाकडे नाही. रागावायचं असेल तर रागवा, त्याला माझी हरकत नाही. पण आधी ओळ सांगा.

मी दोन नकला करून ठेवल्या आहेत. एकीत ते वाक्य आहे, एकीत नाही. वाद्यारांना एकच ठाऊक आहे. दोन्ही तांदळाच्या डब्याखाली आहेत, दोन्हींवर माझी सही आहे. कोणती पाठवायची ते ठरवायचं धैर्य मला नाही, आणि हे मी आजवर कोणाजवळ कबूल केलेलं नाही. आज मंगळवार. शुक्रवारी सकाळी अकराला टपाल निघतं. हे पत्र टाकायला जागा नाही हे मला कळतं, तितकी अडाणी मी नाही. पण उत्तर कसं द्यायचं ते तुमचं तुम्ही बघा. शुक्रवारी अकराच्या आत मला ती ओळ हवी.